रविवारच्या सामन्याला निघालेली पेटी

पाईनच्या लाकडाची, आतून लोकरीची, वयाने जुनी आणि उबेच्या बाबतीत अजूनही पक्की, अशी मी एक पेटी आहे. मित्रांनो, माझ्यात दागिने नाहीत आणि कागदपत्रेही नाहीत. माझ्यात पास्ट्या ठेवतात. मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरायचे, करंजीसारखी कडेला मुरड घालायची आणि भट्टीत भाजायचे, की झाली पास्टी. करंजी चिमटीत मावते. पास्टीला दोन्ही हात लागतात. एक खाल्ली की माणसाचे जेवण झाले.

माझे गाव ट्रेगॅविन. ते कॉर्नवॉलमध्ये आहे, म्हणजे इंग्लंडची जमीन जिथे निमुळती होत समुद्रात शिरते तिथे. गावाच्या तीन बाजूंना पाणी आहे. त्यामुळे आमच्या फुटबॉल संघाला परगावी खेळायला जायचे तर एकच दिशा मोकळी असते, आणि त्या दिशेचे प्रत्येक मैदान लांब असते. माझा जन्म या लांबीमुळे झाला.

लव्हडे कर्नो हिची बंदरावर बेकरी होती. तिचा नवरा जेबझ होड्या बांधायचा. परगावच्या सामन्याला गावातून एक बस जायची आणि बसमधल्या सगळ्यांच्या पास्ट्या लव्हडे पहाटे भाजून टोपलीत, टॉवेलखाली घालून न्यायची. मैदानाशी पोहोचेपर्यंत त्या गारढोण व्हायच्या. एका हिवाळ्यात, उत्तरेकडच्या एका मैदानाबाहेर, हेडली पास्को याने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि विचारले, "लव्हडे, ही तू भाजलीस की खाणीतून काढलीस?"

सगळी बस हसली. लव्हडे हसली नाही. घरी पोहोचल्यावर तिने कोटही न काढता नवऱ्याला सांगितले, "मला ऊब धरून ठेवणारी पेटी पाहिजे."

"त्याला ओव्हन म्हणतात," जेबझ म्हणाला.

"ओव्हन ऊब तयार करतो. मला झालेली ऊब जाऊ द्यायची नाहीये. तू होडीत पाणी येऊ देत नाहीस ना? तसं हिच्यातून ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही."

गळतीची भाषा जेबझला कळत होती. त्याने माझ्या भिंती दुहेरी केल्या. दोन भिंतींच्या मध्ये वाळलेले गवत आणि मच्छीमारांचे जुने लोकरी स्वेटर ठासून भरले, पण लोकर काढता यावी म्हणून वरची एक फळी सुटी ठेवली. आतून जस्ताचा पत्रा लावला आणि फटी होडीच्या फटींसारख्या बुजवल्या. झाकणाच्या कडेला चामड्याची पट्टी बसवली. पावसाळी हवेत माझ्या भिंतींतून अजूनही थोडा माशांचा वास येतो. त्याची मला लाज वाटत नाही. ते स्वेटर माझ्याआधी समुद्रावर काम करून आले आहेत.

मग माझी परीक्षा झाली. लव्हडेने माझ्या तळाशी मोजक्या गरम पास्ट्या ठेवल्या, झाकण लावले आणि काही तासांनी जॅमचा पाक मोजायचा थर्मामीटर आत घातला. निकाल बेताचाच होता. दुसऱ्या दिवशी तिने मला काठोकाठ भरले. या वेळी थर्मामीटर पाहून तिने जेबझचे कपाळ चुंबले, आणि तो लाजून होडीकडे निघून गेला.

यात जादू काहीच नव्हती. पास्ट्या थोड्या असोत की भरपूर, माझ्या भिंती तेवढ्याच राहतात आणि त्यांतून ऊबही जवळपास तेवढीच गळते. पण भरलेल्या पेटीत ऊब साठलेली असते खूप. त्यामुळे तेवढ्याच गळतीने ती फार हळू निवते. म्हणून लव्हडेने दोन नियम केले. पहिला, पेटी अर्धी न्यायची नाही. दुसरा, वाटेत झाकण उघडायचे नाही. कारण झाकण उचलले की ऊब आधी बाहेर पडते आणि हात नंतर आत जातो. या दुसऱ्या नियमापुढे ती बसमालकाचेही ऐकत नसे.

त्यानंतरची वर्षे माझ्या भरभराटीची होती. त्या काळी सामना शनिवारी दुपारी तीनला असायचा. हे कोणी ठरवले, असा प्रश्न आमच्या गावात कोणाला पडत नव्हता. भरती-ओहोटीसारखीच ती वेळ होती. माणसे तिच्याभोवती आपले आठवडे बांधत. नर्स आपली कामाची पाळी बदलून घेत, मच्छीमार शुक्रवारीच होड्या धक्क्याला बांधून ठेवत, आणि रविवारी सगळ्यांना चॅपलमध्ये प्रार्थनेला जाता येत असे. लव्हडे तर चॅपलचा ऑर्गन वाजवायची. रविवारी ती भट्टी पेटवत नसे आणि प्रवासही करत नसे.

प्रत्येक पास्टीच्या डाव्या कोपऱ्यावर ती पिठाच्या पट्टीने मालकाच्या नावाचे अक्षर काढायची. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. कोणाला कांदा चालत नाही, कोणाला मिरी जास्त लागते. म्हणून ज्याची त्याने खायची. दुसऱ्याचे अक्षर असलेल्या पास्टीला भुकेलेला माणूसही हात लावत नाही. या रीतीला एक काळी कडाही आहे. मच्छीमार समुद्रावर जाताना अशाच पास्ट्या नेतात, आणि अक्षर घातलेली पास्टी मालकाशिवाय गावात परत आली तर तिचा एकच अर्थ असतो. त्यामुळे आपली पास्टी आपल्याशिवाय प्रवासाला जाऊ देणे, हे आमच्या गावात कोणी हसण्यावारी नेत नाही.

हेडली आपली पास्टी अंगठ्याने ओळखायचा. तरुणपणी दगडाच्या खाणीत सुरुंग लवकर उडाला आणि त्याची दृष्टी गेली. तेव्हापासून तो जाळी दुरुस्त करतो. त्याच्या नावाचे इंग्रजी अक्षर, H, म्हणजे दोन उभे खांब आणि मध्ये आडवी फळी. तो माझ्यात हात घालून कोपरे चाचपडत जायचा आणि खांब सापडले की म्हणायचा, "हा बघा, गोल."

मैदानात तो लव्हडेच्या शेजारी बसे आणि लव्हडे त्याला सामना सांगत असे. मी त्यांच्या पायांशी असायचे, म्हणून ते सांगणे मला पाठ आहे. ती कधीही 'वा' म्हणायची नाही. ती म्हणायची, "डावीकडे आपला तो लाल केसांचा. एकटाच. समोर दोघं. थांबला. त्यांना वाटलं मागे देईल. नाही दिला. मधून काढला. आता उंच, फार उंच, दिव्यांच्या वर."

"येतोय का खाली?"

"येतोय. आपल्या धिप्पाड गड्याच्या डोक्यावर. आणि... बाहेर. हातभर बाहेर."

"हातभर म्हणजे तुझा हात की त्याचा?"

"गप बस. गोलकिक आहे."

जेबझ गेल्यानंतरही बस जात राहिली आणि लव्हडे तिच्यात बसत राहिली. माझी चामड्याची पट्टी बदलायला मात्र आता ती बाहेरचा सुतार बोलवायची आणि तो काम करत असताना शेजारी उभी राहायची.

मग एका वसंतात आमचा संघ जिंकत सुटला आणि वरच्या गटात गेला. गावाने दोन दिवस घंटा वाजवल्या. पाठोपाठ टीव्ही आला. खोटे कशाला बोलू, सुरुवातीला मलाही आनंद झाला. जे अंथरुणाला खिळले होते त्यांना परगावचे सामने पहिल्यांदा दिसले. चॅपलच्या सभागृहात वर्गणी काढून मोठा टीव्ही आणला गेला, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका आमच्या गोलकीपरच्या केसांबद्दल तज्ज्ञासारख्या बोलू लागल्या.

पण टीव्हीवर एका वेळी एकच सामना नीट दाखवता येतो. म्हणून टीव्हीवाले सामने वेगवेगळ्या वेळी पसरवून ठेवतात. एखादा शुक्रवारी संध्याकाळी, एखादा रविवारी दुपारी, एखादा सोमवारी अंधार पडल्यावर. ज्याच्या घरी टीव्ही आहे त्याला यात काही अडचण नसते. खुर्ची तीच, चहा तोच. ज्याला मैदानात जायचे आहे त्याचे काय होते, ते मी माझ्या आतून मोजले आहे.

पहिल्याच हिवाळ्यात आमचा एक लांबचा सामना शनिवारवरून सोमवारी संध्याकाळी गेला. मंगळवारी सकाळी शाळा होती, मासळीचा लिलाव होता, हॉस्पिटलची पाळी होती. बस निघाली, पण निम्म्या सीट रिकाम्या होत्या. लव्हडेने माझ्यातली पोकळी उकडलेल्या बटाट्यांनी भरली. बटाटे ऊब चांगली धरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सामन्यानंतर त्या बटाट्यांचे काय करायचे हा प्रश्न उरला, आणि शेवटी ते समोरच्या संघाच्या लोकांनी आनंदाने खाल्ले. आमच्यावर तीन गोल झाले होते. हेडली म्हणाला, "आपण लोकांना जिंकवतो आणि वर जेवायलाही घालतो. असे पाहुणे त्यांना कुठे मिळणार?"

पुढच्या वेळी बटाट्यांनीही भागले नाही. आणखी एक सामना हलला, आणि बसमालक मेरिक टोंकिन याने बसच रद्द केली. मेरिक वाईट माणूस नव्हता. तो स्वतःच बस चालवायचा, आणि गाडीत मूठभर माणसे घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला जाणे त्याला जमत नव्हते. त्या दिवशी सभागृहात टीव्हीला उंच बैठक हवी होती. कोणीतरी मला बेकरीतून उचलून नेले, माझ्यावर चादर टाकली आणि टीव्ही माझ्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, माझे वाईट दिवस म्हणजे हेच. पावसात पडून राहिले असते तर एवढे वाटले नसते. मी कोरडी होते, स्वच्छ होते, रिकामी होते, आणि ज्याच्यामुळे रिकामी होते त्याला डोक्यावर घेऊन उभी होते.

त्या संध्याकाळी हेडली काठी टेकत सभागृहात आला. सगळ्यांनी त्याला पहिल्या रांगेत जागा दिली. सामना सुरू झाला. टीव्हीतला माणूस मधूनमधून बोलत होता. "काय सुंदर," तो म्हणाला. सगळे सभागृह पुढे झुकले.

"काय सुंदर?" हेडलीने विचारले.

"अरे, बघ की," शेजारचा म्हणाला आणि मग त्याने जीभ चावली.

"मी तेच म्हणतोय लेका. बघ आणि सांग."

शेजारच्याने प्रयत्न केला. पण त्याला बघायचेही होते. दोन वाक्ये बोलून तो थांबायचा. टीव्हीतला माणूसही थांबायचा, कारण तो बघणाऱ्यांशी बोलत होता. जे दिसते ते सांगायची त्याला गरज नव्हती. लव्हडे मध्यंतराच्या सुमाराला बनचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थबकली. खोलीभर माणसे ओरडत होती आणि हेडली पहिल्या रांगेत, प्रत्येक ओरड्याकडे मान वळवत, एकटा बसला होता.

"घरी रेडिओ आहे ना तुझ्याकडे?" कोणीतरी मायेनेच विचारले.

"आहे. पण रेडिओ माझ्या बरगडीत कोपर मारत नाही," हेडली म्हणाला. मग उठला आणि सामना संपायच्या आत घरी गेला.

हंगामाचा शेवटचा सामना मे महिन्यात, ईशान्येला एल्डरविक येथे होता. हरलो तर आम्ही खालच्या गटात जाणार होतो, बरोबरी झाली तर वाचणार होतो. तो शनिवारी तीनला असेल म्हणून गावाने कधीपासून तयारी केली होती. काही आठवडे आधी बातमी आली की टीव्हीसाठी तो रविवारी दुपारी बाराला होईल. रविवारी सकाळी आमच्याकडून निघणारी कोणतीही गाडी बाराच्या आत तिथे पोहोचत नाही. बसने जायचे तर शनिवारी संध्याकाळीच निघावे लागणार होते, आणि एवढा वेळ एकाच ड्रायव्हरने चालवायला कायद्याची परवानगी नाही.

सभागृहात बैठक झाली. मी टीव्हीखाली होते.

"दुसरा ड्रायव्हर घ्यावा लागेल," मेरिक म्हणाला. "निम्मी बस भरली तर घेतो. हात वर करा."

हात थोडेच वर आले. हेडलीने दोन्ही हात वर केले.

"हेडली, एका माणसाचा एकच हात धरतात."

"माझी काठी पण येणार आहे."

लोक हसले, पण मेरिकने मान हलवली. एवढ्यांसाठी बस निघणार नव्हती. हेडली उठला. घरी जाताना त्याने दाराची चौकट नेहमीसारखी सहज ओलांडली नाही. त्याला ती हाताने शोधावी लागली. लव्हडे हे बघत होती.

"मेरिक," ती म्हणाली, "शनिवारी सात वाजता बस बंदरावर आणून उभी कर. आठपर्यंत निम्मी भरली नाही तर परत घेऊन जा. एवढं तरी करशील?"

"करीन. पण लव्हडेबाई, रविवार आहे. तुम्ही कुठे येणार? आणि तुम्ही नसाल तर हेडलीला सामना सांगणार कोण?"

लव्हडेचा रविवार सगळ्यांना माहीत होता. लव्हडेने हातातला रुमाल घडी घालून पुन्हा उघडला.

"कोणाची गाय चिखलात रुतली तर रविवार असला तरी ओढून काढतात," ती म्हणाली. "मी येणार. ऑर्गनशिवाय गातील लोक एक दिवस. आवाज दिलाय ना देवाने."

हेडली दारातच होता. "म्हणजे मी गाय?"

"चिखलात रुतलेली."

"नाही, फक्त विचारलं."

लव्हडेने त्याच वेळी टीव्ही खाली उतरवायला लावला आणि मला घरी नेले. माझी लोकर बाहेर काढून तिने उन्हात घातली. त्या रात्री, बऱ्याच दिवसांनी, मला पिठाचा वास आला.

आता जी चूक झाली ती सांगते. रविवारी भट्टी पेटवायची नाही, म्हणून लव्हडे शनिवारी दुपारी पास्ट्या करायला बसली. ज्यांनी हात वर केले होते त्यांच्यापुरत्याच करायच्या होत्या. पण परगावच्या सामन्याच्या पास्ट्या करण्याची तिच्या हातांना फार वर्षांची सवय होती. बसमधल्या सीटच्या क्रमाने तिचे हात चालत. पहिली सीट, खिडकीकडची, मग तिच्या शेजारची. ती मनात दुसऱ्या दिवसाचे भजन म्हणत होती, कारण ते तिला वाजवायला मिळणार नव्हते. भजन संपले तेव्हा तिने समोर पाहिले. टेबलावर सगळ्या बसच्या पास्ट्या भाजून तयार होत्या, प्रत्येकीवर अक्षर होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी येणार नाही म्हणून सांगितले होते.

ती माझ्या झाकणावर बसली. "हातांनी केल्या," ती मला म्हणाली. "मी नाही केल्या."

टाकून देणे तिला शक्य नव्हते. दुसऱ्याच्या अक्षराची कोणी खाणार नव्हते. आणि मला त्या दिवशी पूर्वी कधीही धरली नव्हती इतका वेळ ऊब धरायची होती. शनिवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या दुपारपर्यंत. तिने सगळ्या पास्ट्या माझ्यात रचल्या, फटींत फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटा बसवल्या आणि झाकण घट्ट लावले. मी काठोकाठ भरले होते. मला खात्री होती की मी पोहोचवीन. बस निघेल की नाही, हे मात्र माझ्या हातात नव्हते.

बंदरावर बस उभी होती आणि आत मोजकीच माणसे बसली होती. मेरिकने मला उचलायला हात लावला आणि कण्हला. "बाई, एवढ्या कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी. चुकून."

"मॉर्वेनाची पण आहे यात?"

"आहे."

मेरिक समोरच्या दुकानात ही बातमी सांगून परत आला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात चढावरून मॉर्वेना ट्रेम्बथ धावत आली. मॉर्वेना हॉस्पिटलात नर्स होती. अंगावर गणवेशच होता.

"लव्हडेमावशी, माझी केलीस?"

"झाली गं. चुकून झाली."

"मग दे ना काढून."

"कशी देऊ? झाकण उघडत नाही."

"अगं, पण मला उद्या ड्युटी आहे."

"बरोबर आहे. मग ती जाईल एकटी."

मॉर्वेनाने माझ्याकडे पाहिले, मग बंदरातल्या पाण्याकडे पाहिले. तिचे वडील मच्छीमार होते. "असं कसं जाईल एकटी," ती पुटपुटली, आणि कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोलीत शिरली. काचेतून ती हातवारे करताना दिसत होती. बाहेर आली तेव्हा तिची पाळी दुसरीने घेतली होती, आणि त्या बदल्यात तिने नाताळची पाळी कबूल केली होती.

मग दुसरे आले, मग तिसरे. सगळे आपापली पास्टी परत न्यायला येत होते. लव्हडे माझ्यावर बसून राहिली आणि प्रत्येकाला तेच सांगत राहिली, की झाकण मैदानापाशी उघडेल. शाळेचा मास्तर तर रागावला.

"हा पेचात पकडण्याचा प्रकार आहे, बाई."

"प्रकार नाही, चूक आहे. मी माफी मागते."

"मग उघडा."

"माफी मागते म्हटलं. उघडते म्हटलं नाही."

मास्तर बसमध्ये चढला. त्याच्या मागून त्याची बायको सँडविच घेऊन आली आणि तिची स्वतःचीही पास्टी आत आहे हे कळल्यावर तीही चढली. आठच्या ठोक्याला मेरिकने वळून सीट मोजायला सुरुवात केली, मध्येच मोजणे सोडले आणि आपल्या मेव्हण्याला दुसरा ड्रायव्हर म्हणून घरून उठवून आणायला एकाला पाठवले.

हेडली पुढच्या सीटवर बसला होता. प्रत्येक पायरीवरच्या पावलाकडे त्याचा कान होता. बस सुरू झाली तेव्हा त्याने फक्त विचारले, "भरली?"

"भरली," लव्हडे म्हणाली.

प्रवासात मेरिकने एकदा, फक्त बघण्यासाठी म्हणून, झाकण उचलायची परवानगी मागितली. त्याला ती मिळाली नाही. एल्डरविकच्या मैदानाबाहेर, सकाळच्या लख्ख उन्हात, लव्हडेने मला उघडले. वाफ निघाली असे मी म्हणणार नाही. पण पहिली पास्टी हातात घेणाऱ्याने ती दोन्ही तळव्यांत धरून ठेवली, लगेच खाल्ली नाही. एवढ्यावरून मला माझा निकाल समजला. मास्तरानेही आपली खाल्ली, आणि मिरी योग्य पडल्याचे मान्य केले.

सामना मी पायांशी बसून ऐकला. लव्हडेचा आवाज बसत चालला होता, पण ती थांबली नाही. मध्यंतरापर्यंत बरोबरी होती. शेवटी शेवटी ती म्हणाली, "त्यांचा कॉर्नर. सगळे आत आहेत, आपले पण. उंच आला. आपला गोलकीपर बाहेर आला. हात लागला. पुरेसा नाही लागला." समोरचे स्टँड गर्जले, त्यामुळे तिला पुढचे सांगावे लागले नाही.

"कोणी मारला?" हेडलीने विचारले.

"त्यांच्या ठेंगण्याने. गुडघ्याने. त्याला स्वतःलाच कळलं नसेल."

"गुडघ्याने," हेडली म्हणाला. "हे टीव्हीने मला सांगितलं नसतं."

आम्ही एका गोलने हरलो आणि खालच्या गटात गेलो. आमचे लोक तिथेच उभे राहून बराच वेळ गात राहिले, आणि हेडलीच्या दोन्ही बाजूंनी त्याच्या बरगड्यांत कोपरे लागत होती.

परतीच्या बसमध्ये बरेच जण डोळे मिटून बसले होते. मॉर्वेना खिडकीला डोके टेकून बसली होती. बऱ्याच वेळाने हेडली म्हणाला, "मेरिक, खालच्या गटातले सामने टीव्हीवर दाखवतात का रे?"

"नाही. कोण बघणार?"

"मग ते कधी असतात?"

"शनिवारी," मेरिक म्हणाला. "दुपारी तीनला." मागच्या सीटवर कोणीतरी खुदकन हसले. मग मास्तर हसला, मग मॉर्वेना. हरून परतणारी ती बस बराच वेळ हसत होती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतल्या लोकांना आम्ही जिंकलो असेच वाटले असेल.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. संघ पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. सामने अजूनही हलतात. पण लव्हडेची ती चूक आता गावाची रीत झाली आहे. सामना कोणत्याही वाराला गेला तरी बेकरीत सगळ्या बसच्या पास्ट्या होतात, आणि ज्याला यायचे नसेल त्याने भट्टी पेटण्याआधी स्वतः येऊन तसे सांगायचे असते. तोंडावर सांगणे जड जाते. बरेच जण सांगायला येतात आणि तिकीट घेऊन जातात.

मित्रांनो, माझे म्हणणे थोडे आहे. टीव्हीवर माझा राग नाही. पण जे सामन्याच्या वेळा ठरवतात त्यांनी एकदा नकाशा घेऊन बसावे आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघावे. मैदानातला जो आवाज ते घरोघर पोहोचवतात, तो आवाज बसमध्ये बसून येतो. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावर दुसरे काही ठेवून तिला विसरू नका. तिची लोकर वर्षातून एकदा उन्हात घाला. बिजागरीला तेल द्या. तिला कामाला न्या.

मागच्या वर्षी जिल्ह्याच्या संग्रहालयातून एक बाई मला मागायला आल्या होत्या. चांगल्या होत्या. माझ्यासाठी काचेचे कपाट करणार होत्या, आत दिवा असणार होता, शेजारी माझी माहिती लावणार होत्या. लव्हडेला ते पटू लागले होते. तिने हेडलीला विचारले. तो आता फार थकला आहे, पण बसमधली पुढची सीट त्याने सोडलेली नाही. त्याने हात पुढे केला, माझी कड चाचपडली आणि त्या बाईंना नम्रपणे म्हणाला, "बाई, काचेमागे ठेवलीत तर मला ती दिसणार कशी?"